उजव्या हाताचा कौल

बाबांच्या उजव्या हाताला करंट द्यायला सुरुवात झाली तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, आणि सगळी पंचाईत तिथेच होती. त्या मशीनचा नियमच असा की बटण कुठवर फिरवायचं ते ज्याच्या अंगावर पॅड लावलेत त्यानं सांगायचं. फिजिओ थोडं थोडं वाढवत नेते. आधी कातडीखाली मुंग्या येतात, मग त्या टोचायला लागतात, आणि टोचणं नकोसं व्हायच्या आत माणसानं ‘बस’ म्हणायचं. बाबांची वाचा गेली होती. मग ‘बस’ कोण म्हणणार? हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला आणि आईनं तो तिथल्या तिथे निकालात काढला. “मी सांगते ना,” ती म्हणाली. लग्न झाल्यापासून बाबांच्या वतीनं तीच बोलत आली होती, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवाळीच्या सुमारास बाबांना झटका आला होता. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. त्यांना समजत किती होतं याबद्दल डॉक्टर मोघम बोलायचे. आम्ही काही विचारलं की ते डोळे मोठे करून बघायचे आणि मान हलवायचे; पण ‘चहा हवा?’ला जशी मान हलायची तशीच ‘चहा नको ना?’लाही हलायची. थोड्याच दिवसांत आम्ही त्या मानेवर विसंबणं सोडून दिलं. मला याचा फार राग यायचा. कुणावर, ते विचारू नका. मी मुळातच चिडकी आहे आणि कुणावर चिडावं हे कळलं नाही की जास्तच चिडते.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा गुडगावला एका कंपनीत होते. पाट्यांवर त्याचं गुरुग्राम झालं तरी आमच्या घरात कुणाच्या जिभेला ते वळलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मेट्रो पकडायची, राजीव चौकला बदलायची आणि मयूर विहारला यायचं, रविवारी परत जायचं, असा माझा तो हिवाळा गेला. आई-बाबांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. केंद्र सरकारात नोकऱ्या केलेल्या मराठी माणसांनी एकत्र येऊन बांधलेली ती सोसायटी. बांधली तेव्हा सगळे तरुण होते, म्हणून लिफ्ट ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाबांना हॉस्पिटलातून आणलं ते खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. त्यानंतर ते स्वतःच्या पायांनी खाली उतरले नाहीत.

हॉस्पिटलातून आल्यावरचे पहिले काही आठवडे घरी फिजिओ नव्हती. आईला बाबा होते तसे परत हवे होते. सकाळी अंघोळ, मग इस्त्रीचा बुशशर्ट, मग बाल्कनीतल्या उन्हात खुर्ची. पायजमा आणि बनियनवर त्यांना पडून राहू देणं तिला अपमानाचं वाटायचं. पलंगाची डावी बाजू भिंतीला लागून होती, म्हणून त्यांना उठवताना तिला उजवाच हात सापडायचा. ती तो मनगटाशी धरायची आणि “चला, उठा, अहो,” म्हणत ओढायची. शर्टाच्या बाहीतूनही तोच हात ओढून बाहेर काढायची. लुळा हात असा ओढायचा नसतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा डिस्चार्जच्या गडबडीत सांगितलं असेल तर ते कानावरून गेलं असणार.

मग फिजिओ आली. चाळिशीची, रोहतककडची, आवाज खणखणीत. ती आली की आधी हात धुवायची आणि मग हीटरपुढे तळवे शेकत उभी राहायची, अंकलना थंड हात लागू नये म्हणून. पहिल्या दिवशी तिनं बाबांच्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि ते एका ठिकाणी आत गेलं. खांद्याच्या हाडाखाली बोट शिरेल एवढी फट पडली होती.

“ये हाथ किसने खींचा?” तिनं विचारलं.

“हॉस्पिटल में खींचा होगा,” आई म्हणाली.

“आंटीजी, मसल में जान नहीं है ना, तो हड्डी को कोई पकड़ने वाला नहीं. खींचोगे तो नीचे आएगी. बहुत दर्द होता है इसमें. और अंकल तो बता भी नहीं पाएँगे.”

आई चहा करायला आत गेली. चहा आधीच झाला होता, कप टेबलावर होते. फिजिओनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती आली की जाता जाता विचारायची, “दर्द कैसा है अंकल का?” आणि आईचं उत्तर ठरलेलं असायचं: “दर्द नहीं है. बिल्कुल नहीं है.” इतकं ठाम, की समोरच्यानं गप्पच बसावं.

मशीन म्हणजे एक लहानसा डबा, त्याला चार वायरी. दोन पॅड खांद्यावर आणि दोन कोपराच्या खाली, हाताच्या मागच्या बाजूला. डब्यावर एक हिरवा दिवा होता. तो लागला की करंट सुरू, विझला की विश्रांती, आणि विश्रांती करंटपेक्षा बरीच लांब. खांद्याच्या दुखण्यासाठी तर ते होतंच, पण हात हलायचं विसरून जाऊ नये म्हणूनही होतं, असं फिजिओ म्हणाली. तिनं बाबांचा हात उशीवर पालथा ठेवला, बटण फिरवायला लागली आणि आईकडे बघत राहिली. आई बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. “बस,” ती म्हणाली. फिजिओ थांबली. दिवा लागला.

बाबांचं मनगट हळूच मागे वळलं, बोटं सुटली आणि तळवा आमच्याकडे तोंड करून वर आला.

मी पलंगापासून मागे सरकले. हात हलतोय म्हणून नव्हे. तो हात मी ओळखला म्हणून. बाबा आयुष्यभर असाच हात वर करायचे. ते पेपर वाचत असताना मी काही सांगायला गेले की पेपरावरून नजर न काढता हा हात वर यायचा: थांब जरा. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं अतिथिगृह आहे, तिथे आम्ही कधीमधी रविवारी जेवायला जायचो. वाढपी पोळ्या घेऊन आला की हाच हात वर यायचा: पुरे. माझ्या लग्नाचा विषय आईनं काढला आणि मी ताडताड बोलायला लागले की आमच्या दोघींच्या मध्ये हाच हात. इतके दिवस पलंगावर नुसता पडून असलेला हात एकदम त्यांचा झाला होता. दिवा विझला. हात उशीवर पडला आणि पुन्हा कुणाचाच राहिला नाही.

त्या आठवड्यात ऑफिसात एका मीटिंगमध्ये मी बोलत होते. समोरच्या एकानं काही विचारायला हात वर केला आणि मी वाक्य अर्धवट सोडून गप्प झाले. सगळे वाट बघत बसले. मला पुढचं काही आठवेना. मेट्रोतही वरच्या दांड्याला धरलेले ते सगळे हात मला बघवेनात, मी दाराशी काचेकडे तोंड करून उभी राहायला लागले. असल्या गोष्टी आपल्याला होत नाहीत अशी माझी समजूत होती.

थोड्या दिवसांनी फिजिओनं मशीन भाड्यानं घरीच ठेवून दिलं. पॅड कुठे लावायचे, कातडी लाल झाली तर काय करायचं, सगळं आईला शिकवलं. आई हे पटकन शिकली. गार पॅड ती आधी आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये धरून उबदार करायची. रोज सकाळी बाल्कनीत ऊन आलं की बाबांच्या खुर्चीजवळ स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर हात.

एका शनिवारी मी स्वयंपाकघरात डबे शोधत होते आणि बाल्कनीतून आईचा आवाज आला. “अहो, यंदा तिळाचे लाडू करू ना?” मग शांतता. मग, “बरं, करते. थोडेच करते.” मी डोकावून बघितलं. बाबांचा हात वर होता.

मी हसले. खरंच हसले. मला ते गोड वाटलं. पण रविवारी तिनं भिंतींच्या रंगाचं विचारलं, पुढच्या शनिवारी गावच्या चुलतभावाला लग्नाला जायचं कळवावं का ते विचारलं, आणि माझ्या लक्षात आलं की हे काय चाललंय.

आईचं माहेर कोकणातलं. तिथे गावच्या देवळात गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओली फुलं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे त्या फुलांकडे डोळे लावून बसतात. उजवीकडचं आधी पडलं तर देवाचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. त्याला कौल घेणं म्हणतात. जमीन, लग्न, मुंबईची नोकरी, काहीही ठरवायचं तर तिकडे आधी कौल. आई-बाबांचं लग्नसुद्धा उजव्या कौलानं ठरलं होतं, आणि बाबा दिल्लीत आल्यावर या सगळ्याची थट्टा करायचे. आता आई त्यांच्याच उजव्या हाताचा कौल घेत होती.

“आई, ते मशीन आहे,” मी म्हणाले. “टायमर आहे आत. तू विचारलंस काय, न विचारलंस काय, हात वर येणारच.”

“अच्छा? आणि देवळातलं फूल काय देव येऊन ढकलतो? पाणी सुकलं की ते पडणारच.”

“मग?”

“मग काही नाही. विचारलं की बरं वाटतं. चलो, तू पोळ्या लाटायला घे.”

मी पोळ्या लाटताना तणतणत राहिले. खरं म्हणजे मी घाबरले होते. आईला तो हात ‘हो’ म्हणताना दिसायचा आणि मला आयुष्यभर दिसला होता तसा ‘थांब’ म्हणताना दिसायचा. दोघींच्या मध्ये बाबा बसलेले असायचे, कपाळाला आठी, डोळे उन्हात मिटलेले, आणि त्यांचा हात आमच्याशी बोलायचा. ते स्वतः काहीच म्हणत नव्हते.

ही गोष्ट सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर नगरकडच्या एक ख्रिस्ती बाई एकट्या राहायच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना टीचर म्हणायचे. त्या एका दुपारी वर आल्या, बाबांची चौकशी केली आणि बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, माझा यावर विश्वास नाही हं. आमच्यात हे चालतही नाही. पण एक विचारू का?”

त्यांचा मुलगा कॅनडात होता. तो कायमचा परत येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मला वाटलं आई उडवून लावेल. तिनं नाही उडवलं. “विचारा की. आधी चहा घ्या,” ती म्हणाली. हात नुकताच खाली आलेला होता. आईनं टीचरना बिस्किटं दिली, थंडीचं बोलली, हीटरचं बोलली, आणि बोलता बोलता म्हणाली, “हं, आता विचारा.” टीचरनी विचारलं. वाक्य संपायला आणि दिवा लागायला एकच गाठ पडली. बाबांचा हात वर आला. टीचरनी डोळ्यांना पदर लावला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि दुसऱ्या दिवशी बाबांसाठी नाताळच्या केकचा तुकडा घेऊन आल्या, जो बाबांना गिळता येणं शक्य नव्हतं.

मी मात्र आईकडे बघत होते. तिला टायमर पाठ होता. दिव्याकडे न बघता, नुसत्या अंदाजानं, तिला कळायचं की आता लागेल. ज्याला होकार हवा तो प्रश्न ती बरोबर दिव्याच्या तोंडाशी आणून ठेवायची. मला तिच्या भाबडेपणाची काळजी वाटत होती आणि ती तर सगळं जाणून होती. चाळीसेक वर्षं घरातले सगळे निर्णय तिनंच घेतले आणि शेवटी ‘यांना विचारलंय’ म्हणून बाबांचा शिक्का मारून घेतला. आताही तेच चाललं होतं. त्या दिवशी मला तिचं कौतुक वाटलं. ते फार टिकलं नाही.

पुढच्याच रविवारी मी न्हाऊन बाल्कनीच्या दाराआड केस पुसत होते. आईला मी आत आहे असं वाटत असावं. दिवा विझला, हात उशीवर आला, आणि तो टेकतो न टेकतो तोच आईनं विचारलं, “अहो, खांदा दुखतो का?”

हात पडून होता.

“मी ओढला म्हणून दुखतो का?”

हात पडून होता. विश्रांतीची वेळ होती, तो हलणार कसा?

“नाही ना. मला वाटलंच,” आई म्हणाली, आणि श्वास न घेता, “मग आज भाजी कसली करू? मेथी करू?” दिवा लागला आणि हात मेथीला वर आला.

मी टॉवेल तोंडाशी धरून उभी राहिले. मग मी त्यावर लक्ष ठेवायला लागले. दर वेळी तसंच व्हायचं. बाकीचे सगळे प्रश्न दिव्याच्या आधी, आणि हा एक नेहमी दिवा विझल्यावर लगेच, म्हणजे नकार मिळायला भरपूर वेळ. दिवा लागायच्या आत ती विषय बदलून टाकायची. बाबांना तिनं ‘हो’ म्हणायची संधीच दिली नव्हती.

आणि त्यांना दुखत होतं. ते मला दिसत होतं. शर्ट चढवताना त्यांची डावी मूठ रजईत रुतायची. कुशीवर वळवलं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते ‘वारं लागलं’ म्हणून आई पुसायची. कपाळावरची ती आठी दिवसभर हलत नसे. आई त्यांच्या वतीनं ‘दर्द नहीं है’ म्हणायची, म्हणून फिजिओ दुखण्याचं वेगळं काही करत नव्हती. बोलू न शकणाऱ्या माणसाच्या वतीनं कुणीतरी बोलावं लागतं, आणि बोलणारीलाच ते उत्तर सोसत नव्हतं. मला आईची कीव येत होती आणि तिचा रागही येत होता, एकाच वेळी.

एका शनिवारी फिजिओ आली तेव्हा मी मूग गिळून बसले नाही. “दर्द है,” मी म्हणाले. “काफ़ी है.” आणि मूठ, डोळे, कपाळ, सगळं सांगितलं.

“तू आठवड्यातून दोन दिवस असतेस,” आई मराठीत म्हणाली, फिजिओला कळू नये म्हणून. “मी रोज असते.”

“म्हणूनच तुला दिसत नाही.”

फिजिओला शब्द कळले नसले तरी सूर कळला असणार. ती मध्ये पडली नाही. तिनं खांद्यावरचे पॅड काढले, जागा बदलून पुन्हा लावले, त्या बाजूचा करंट वेगळा केला, नुसत्या बारीक मुंग्या येत राहतील असा, आणि तो बराच वेळ चालू ठेवायला सांगितला. दंडाखाली उशीची घडी कशी द्यायची ते दाखवलं. शर्ट घालताना आधी लुळा हात बाहीत, आणि काढताना तो शेवटी, हे तिनं आईकडून दोनदा करून घेतलं. आई शाळेतल्या मुलीसारखी मुकाट्यानं करत होती. जाताना फिजिओनं रोजचा प्रश्न विचारला नाही.

दुपारी ऊन बाल्कनीच्या आतपर्यंत आलं होतं. खांद्यावर मुंग्या चालू होत्या. बाबांची डावी मूठ आधी सैल झाली, मग जबडा सैल झाला, आणि मग कपाळावरची आठी गेली. ती आठी म्हणजे त्यांच्या आजारानं बदललेला चेहराच असं मी धरून चालले होते. ती गेल्यावर त्यांचा खरा चेहरा मागे उरला. ते झोपले, चक्क घोरायला लागले. टीचर काहीतरी द्यायला वर आल्या होत्या, दारातूनच म्हणाल्या, “आज किती छान दिसतायत.”

मी आनंदानं आईकडे बघितलं. आई बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिचा रंग उतरला होता. मला कळायला क्षणभर लागलं. आराम पडलेला दिसत होता, म्हणजे आधी दुखत होतं. कौलानं इतके दिवस जे सांगितलं नव्हतं ते त्या कपाळानं सांगून टाकलं होतं.

त्या दिवसानंतर तिनं बाबांच्या हाताला काहीच विचारलं नाही. भाजीचं नाही, रंगाचं नाही, लग्नाचं नाही. पॅड उबदार करून लावायची, बटण फिरवायची, शेजारी बसून मटार सोलायची. हात वर यायचा, खाली जायचा, वर यायचा. कुणी काही बोलायचं नाही. आधी त्या कौलानं मी घाबरले होते, आणि आता ही शांतता मला त्याहून भयंकर वाटायला लागली. एकदोनदा मीच म्हणाले, “विचार ना त्यांना, संध्याकाळी खिचडी करू का ते.” आई म्हणाली, “तुला हवी असेल तर कर.”

होळीच्या आधी बाबांना दुसरा झटका आला. त्यांना पुन्हा खुर्चीत बसवून खाली नेलं. या वेळी ते हॉस्पिटलातून परत आले नाहीत. शेवटचे काही आठवडे त्यांचा खांदा दुखत नव्हता असं मी मानते, आणि ते मानण्यावाचून माझ्याकडे दुसरं काही नाही.

तेरावा झाला, पाहुणे गेले. मशीन न्यायला दुसऱ्या दिवशी कुणीतरी येणार असल्याचा फिजिओचा फोन आला. मी डबा पुसून ठेवायला घेतला तर आई म्हणाली, “राहू दे. इकडे आण.”

तिनं बाल्कनीत स्टूल ठेवलं, त्यावर उशी ठेवली आणि बाबांची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“बस. उजवा हात दे.”

“कशाला?”

“दे गं.”

तिनं माझं घड्याळ काढलं, बाही वर केली. पॅड दोन तळव्यांमध्ये धरून उबदार केले आणि माझ्या हाताच्या मागच्या बाजूला लावले. मग बटण फिरवायला लागली. आधी मुंग्या आल्या. मग त्या आत, स्नायूत उतरल्या. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. “बस,” मी म्हणाले.

दिवा लागला. माझं मनगट माझ्या इच्छेशिवाय मागे वळलं, बोटं सुटली आणि तळवा वर आला. रुंद तळवा, लांब करंगळी. माझा हात बाबांचा आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी माझ्याच खांद्याच्या टोकाला बसलेल्या त्या हाताकडे बघत राहिले आणि मला वाटलं की मी उठून पळून जावं.

दिवा विझला. हात उशीवर आला.

“अहो,” आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. “खूप दुखलं का हो?”

हात पडून होता. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आता ती उठेल, पॅड काढेल, तिला हवं ते मिळालं. पण ती उठली नाही. विषय बदलला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली आणि विश्रांती सरत गेली. मग मला कळलं की या वेळी ती दिव्यासाठी थांबली आहे.

दिवा लागला आणि मी हात दाबून धरला. सगळं बळ लावून तळवा उशीत रुतवला. वरून करंट ओढत होता, खालून मी. मनगट थरथरायला लागलं, शिरा वर आल्या. ते आईपासून लपण्यासारखं नव्हतं.

“सोड,” आई म्हणाली.

मी मान हलवली.

“सोड. धरून ठेवू नकोस त्यांना.”

मी सोडला. हात वर आला, पूर्ण वर, तळवा तिच्याकडे करून. आईनं तो नीट बघून घेतला. ती रडली नाही.

“मीच ओढला होता,” ती त्याला म्हणाली. “हॉस्पिटलनं नाही. मला माहीत होतं तुम्हाला दुखतंय ते.”

दिवा विझला, हात खाली आला. मला वाटलं झालं, आणि मी डाव्या हातानं पॅड काढायला गेले. तिनं माझा हात बाजूला केला.

“माफ केलंत ना?” तिनं विचारलं.

दिवा लागायला अजून वेळ होता. आम्ही दोघी वाट बघत बसलो.